बर्फ उपसणाऱ्याची दक्षिणा

केदारनाथाचे कपाट भाऊबीजेला मिटते आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास उघडते. मधल्या सहा महिन्यांत देवाची पंचमुखी डोली उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात असते, पूजा तिथे चालते, आणि महाशिवरात्रीला तिथेच पंचांग पाहून कपाट उघडण्याची तिथी जाहीर होते. त्या दिवशी ३,५८३ मीटर उंचीवरच्या केदारपुरीत मात्र उघडण्यासारखे काही दिसत नसते. हिवाळा जोराचा झाला असेल तर दुकानांच्या आणि धर्मशाळांच्या दारांशी पुरुषभर किंवा त्याहून उंच बर्फ साचलेला असतो. पाण्याचे नळ गोठून फुटलेले असतात, विजेच्या तारा लोंबत असतात, पत्र्याची छपरे भाराने वाकलेली असतात. गौरीकुंडाहून चढणारी सुमारे सोळा किलोमीटरची वाट रामबाड्याच्या पुढे ठिकठिकाणी नाहीशी झालेली असते. थारू, हथिनी, कुबेर, भैरव या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या नाळांमधून हिवाळाभर हिमस्खलने उतरतात आणि वाटेवर येऊन थबकतात. तिथली माणसे या नाळांना ग्लेशियर म्हणतात. नुकताच पडलेला बर्फ हलका असतो, घनमीटरला शंभर किलोच्या आतबाहेर. वसंतापर्यंत दबून, विरघळून आणि पुन्हा गोठून तोच बर्फ घनमीटरला चारशे-पाचशे किलो भरतो. दोन मीटर रुंदीची वाट तीन मीटर बर्फातून फक्त एक मीटर पुढे न्यायची म्हटली तरी सहा घनमीटर बर्फ, म्हणजे किमान दोन हजार चारशे किलो वजन, उचलून दरीकडे टाकावे लागते. स्खलनाच्या बर्फात दगड आणि मोडलेली झाडे असतात, आणि तो इतका घट्ट बसलेला असतो की आधी टिकावाने फोडायचा आणि मग फावड्याने ओढायचा. काम सकाळी लवकर करावे लागते, कारण ऊन चढले की वरचा उतार सैल होतो आणि नवा लोंढा केव्हाही सुटू शकतो. मार्च-एप्रिलमध्ये हे काम करणारे मजूर बहुतांशी पहाडातल्या गावांतले आणि नेपाळमधले असतात.

प्रश्न असा आहे की हे काम यात्रेच्या धर्मात मोडते का. विचारल्यावर दोन उत्तरे चटकन मिळतात. पहिले उत्तर म्हणते की हे सार्वजनिक बांधकाम आहे. घाटातली दरड हटवावी तसा बर्फ हटवायचा, कंत्राट द्यायचे, मजुरी द्यायची, आणि धर्म सुरू होतो तो त्यानंतर, कपाट उघडल्यावर. दुसरे उत्तर हात जोडून येते. हे मजूर धन्य आहेत, ही तर देवाची सेवा आहे, असे ते म्हणते. पहिल्या उत्तरात मजूर धर्माच्या बाहेर राहतो. दुसऱ्यात तो आत येतो, पण आत येताना त्याची मजुरी उंबऱ्याबाहेर ठेवली जाते. मला दोन्ही उत्तरे चुकीची वाटतात, आणि त्यांतली चूक दाखवण्याची साधने आपल्याच परंपरेत, तीही तिच्या सर्वांत काटेकोर शाखेत, पूर्वमीमांसेत आहेत असे वाटते. यज्ञातले कोणते काम कोणासाठी आहे, कोणाच्या श्रमाचे फळ कोणाला जाते आणि त्याच्या बदल्यात काय देणे लागते, याचा इतका सूक्ष्म हिशेब दुसऱ्या कोणी मांडलेला नाही. आज आपण तो हिशेब होमशाळेपुरता मानून बाजूला ठेवला आहे.

आधी एक साधी गोष्ट. हा बर्फ आपणहून वितळतो. जून निम्म्यावर येईपर्यंत ऊन आणि पाऊस मिळून वाटेवरचा बराचसा भार नाहीसा करतात. वाट पाहण्याची तयारी असती तर टिकावाची फारशी गरज पडली नसती. गरज पडते ती तिथीमुळे. २०२३ साली कपाट २५ एप्रिलला उघडले, २०२४ साली १० मे रोजी, २०२५ साली २ मे रोजी. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने तिथी दर वर्षी मागे सरकत जाते आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे ढकलली जाते. बर्फाला यातले काही ठाऊक नसते. २०२३ साली तिथी लवकर आली आणि बर्फ मात्र मे महिना लागला तरी पडतच राहिला, साफ केलेली वाट पुन्हा बुजली, यात्रा थांबवावी लागली. एखाद्या विवक्षित सकाळी डोंगरातली विवक्षित वाट मोकळी असलीच पाहिजे, मग निसर्ग तयार असो वा नसो, हा आग्रह धर्माचा आहे. दरड हटवण्याच्या कामाला असे पंचांग नसते. जे काम धर्माने ठरवलेल्या दिवसासाठी, धर्माने ठरवलेल्या दिवसामुळेच करावे लागते, ते धर्माच्या बाहेरचे आहे असे म्हणताना थोडे थबकायला हवे.

पण काम डोळ्यांना दिसणारे आणि सरळ उपयोगाचे आहे, त्यात धर्म कुठला, असा आक्षेप येईलच. हाच आक्षेप मीमांसकांपुढे उखळाच्या रूपाने आला होता. दर्शपूर्णमास यागात पुरोडाश, म्हणजे आहुतीची तांदळाच्या पिठाची वडी, लागतो, त्यासाठी भात कांडून तूस काढावे लागते. कांडण्याचे फळ उघड दिसते, तूस निघते. मग वेदाने त्याची आज्ञा कशासाठी करावी? तूस नखांनी सोलूनही निघेल. यावर मीमांसकांचे उत्तर असे की तुसाविना तांदूळ हवा ही गरज लौकिकच आहे, पण तो कांडूनच मिळवावा हा नियम आहे, आणि तो नियम पाळल्याने त्या अगदी व्यवहारी कामातूनही यज्ञाला आवश्यक असे अदृष्ट निपजते. उखळाचा आवाज यज्ञाच्या आतच येतो. दिसणारे फळ आणि न दिसणारे फळ यांचे वैर नाही. एकाच कामात दोन्ही राहू शकतात, आणि व्यवहारी आहे म्हणून कोणतेही काम यज्ञाबाहेर फेकता येत नाही.

कसलेला मीमांसक इथे मला अडवेल. कांडण्याची आज्ञा आहे, बर्फ उपसण्याची कुठे आहे, असे तो विचारेल. देवळापर्यंत पोचायचे तर वाट हवी हे अर्थातच आले. अर्थातच आलेल्या गोष्टीला वेगळे अदृष्ट नसते, समिधा आणायला रानात चालत जावे लागते तसेच हे. आक्षेप भक्कम आहे आणि त्याचा अर्धा भाग मी मान्य करतो. बर्फ उपसण्यातून एखादे स्वतंत्र पुण्य निपजते असे मला म्हणायचेच नाही. पण यात्रेच्या बाबतीत वाट ही रानातल्या वाटेसारखी नाही. तीर्थाचा विचार करणाऱ्या ग्रंथांनी यात्रेचे फळ मूर्तीपाशी पोचण्यात गोळा करून ठेवलेले नाही. पायी जाण्याला त्यांनी वरचढ मानले आहे आणि वाहनाने गेल्यास फळ उणावते असे सांगितले आहे. म्हणजे चालणे हे यात्रेचे अंग आहे, दर्शनाआधीची कटकट नव्हे. चालणे अंग असेल तर ज्या भूमीवर ते घडते ती सिद्ध करणे हे त्या अंगाचे साहित्य सिद्ध करणे झाले, आणि साहित्य सिद्ध करणाऱ्याला, म्हणजे भात कांडणाऱ्याला, यज्ञात जागा आहे हे आपण वर पाहिलेच.

ती जागा किती मानाची होती हेही पाहण्यासारखे आहे. भात कांडायला माणसाला नुसते बोलावत नसत, त्यासाठी मंत्राची हाक होती. शतपथ ब्राह्मणात या हाकेचे चार प्रकार सांगितले आहेत, चार वर्णांसाठी चार, आणि त्यांत शूद्रासाठीही हाक आहे. पुढे तो ग्रंथ ब्राह्मणाच्या हाकेला यज्ञात पसंती देतो, हे लपवण्याचे कारण नाही. पण ज्या समाजाने यज्ञशाळेत कोणी यावे आणि कोणी येऊ नये याच्या एवढ्या भिंती उभारल्या, त्याच्याच ग्रंथात कांडणाऱ्याला, तो कोणत्याही वर्णाचा असला तरी, मंत्राने हाक मारण्याची कल्पना नोंदली गेली आहे. पुरीच्या रथयात्रेत गजपती राजा सोन्याच्या झाडूने रथ झाडतो, त्या विधीला छेरा पहँरा म्हणतात, आणि त्याखेरीज रथ हलत नाहीत. वाट आणि जागा साफ करणे ही पूजा असू शकते हे परंपरेला नव्याने शिकवायची गरज नाही. राजाच्या हातात झाडू असला की तिला ते चटकन कळते. रोजच्या झाडूवाल्याच्या बाबतीत, आणि नेपाळहून आलेल्या फावडेवाल्याच्या बाबतीत, तिची नजर ढळते. हा दोष तत्त्वाचा नाही, पाहणाऱ्यांचा आहे, आणि म्हणूनच तो दुरुस्त होऊ शकतो.

दर वर्षी उपसायचे आणि दर वर्षी पुन्हा पडायचे, मग या श्रमाचे मोल काय, असेही विचारले जाते. याचे उत्तर फार लांबवण्याची गरज नाही. दर्शपूर्णमास दर अमावस्येला आणि पौर्णिमेला होतो. मागच्या पौर्णिमेचा याग या पौर्णिमेला उरलेला नाही म्हणून तो वाया गेला असे कोणी म्हणत नाही. नित्यकर्माचे स्वरूपच असे आहे की त्याचा संचय होत नाही.

आता मुख्य मुद्दा, मजुरीचा. मजूर पैशासाठी येतो, मग त्याच्या कामाला पूजेचे अंग कसे म्हणायचे? धर्मबुद्धीने विचार करणारी माणसेही इथे अडखळतात, आणि मीमांसा इथेच सर्वांत स्वच्छ बोलते. यज्ञ यजमानाचा, फळ यजमानाचे. पण होता, अध्वर्यू, उद्गाता ही सगळी कामे तो स्वतः करू शकत नाही, म्हणून तो ऋत्विजांना नेमतो. दक्षिणा म्हणजे या नेमणुकीचा मोबदला, असे मीमांसकांचे मत आहे. त्यांनी त्याला परिक्रय म्हटले आहे. जैमिनीच्या सूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात हा विचार आला आहे आणि त्यात कसलाही संकोच नाही. ज्याला आपण यज्ञातला सर्वांत पवित्र माणूस मानतो तो ऋत्विजही मोबदल्यावर आलेला असतो, त्याला फळ मिळत नाही, आणि तरी तो ज्या हाताने आहुती देतो तो हात यज्ञाचाच हात असतो. मोबदला घेतल्याने काम अपवित्र होत असते तर एकही सोमयाग पवित्र ठरला नसता. ऋत्विजाला एक माप आणि बर्फ उपसणाऱ्याला दुसरे माप लावायचे असेल तर त्याचे कारण द्यावे लागेल, आणि मला तरी जातीखेरीज दुसरे कारण दिसत नाही. मजुराच्या मनात भक्ती नसली तर काय, हा प्रश्नही याच विचाराने सुटतो. संकल्प यजमानाचा असतो. वाटेवरच्या कामगारांत आणि खेचरवाल्यांत केदाराला न मानणारेही असतील. यात्रेकरूच्या यात्रेला त्याने उणेपण येत नाही आणि त्या कामगारांना जे देणे लागते त्यालाही येत नाही.

मग विनामोबदला सेवा काहीच नव्हे का? आहे, आणि तिचेही स्थान मीमांसेत ठरलेले आहे. सत्र नावाचा एक यज्ञप्रकार आहे. त्यात सहभागी होणारे सगळेच ऋत्विज आणि सगळेच यजमान असतात. तिथे दक्षिणा नसते, कारण प्रत्येकाला फळ मिळणार असते आणि कोणी कोणाला नेमलेले नसते. गढवालातच, चार हजार मीटरहून उंच असलेल्या हेमकुंड साहिबला, याचे जिवंत रूप दिसते. घांघरियाच्या वर अटलाकोटीच्या हिमभागातून वाट कापण्याचे काम दर वसंतात सैन्याचे जवान करतात, आणि त्यांच्या जोडीला गुरुद्वाऱ्याचे सेवादार असतात. सेवादार कारसेवा करतो तेव्हा ज्या दरबारासाठी तो बर्फ फोडतो तो त्याचा स्वतःचा असतो. नमन त्याचे, फळ त्याचे, म्हणून मोबदल्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आपल्याकडे गाडगेबाबांचे (१८७६-१९५६) उदाहरण याच जातीचे. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे. कीर्तनाचे यजमान तेच आणि झाडणारेही तेच. सत्रातली निष्कांचनता ही माणसाने स्वतःबद्दल घेतलेला निर्णय असते. गोंधळ होतो तो यजमान आणि ऋत्विज वेगवेगळे असताना ऋत्विजाकडून सत्राची अपेक्षा केल्याने. फळ मी घेणार, चालणार मी, घंटा वाजवणार मी, आणि वाट काढणाऱ्याने मात्र सेवा म्हणून कमी पैशांत राबावे, असे म्हणणे म्हणजे सत्राचे नाव घेऊन परिक्रय बुडवणे. वैराग्य दुसऱ्याच्या वतीने पत्करता येत नाही.

ज्ञानेश्वरांनी अठराव्या अध्यायाच्या निरूपणात माणसाच्या विहित कर्मालाच ईश्वरपूजेची फुले मानले, सावता माळ्याने मळ्यातच विठ्ठल पाहिला. या दृष्टीने पाहिले तर सगळेच काम पूजा ठरते, मग यज्ञाचे अंग, ऋत्विज, परिक्रय हे सगळे कशाला, असे वारकरी मनाला वाटेल. वारकरी विचार मला प्रिय आहे आणि तो खरा आहे असेच मी मानतो. पण तो करणाऱ्याला आतून दिलेला विचार आहे. माझ्या कामाकडे मी कसे पाहावे हे तो सांगतो. दुसऱ्याच्या कामाबद्दल माझे देणे काय, हे त्यातून आपोआप निघत नाही, आणि निघत नाही म्हणूनच काम हीच पूजा हे वाक्य मालकांच्या तोंडी इतके सोपे होऊन बसले आहे. देण्याचा हिशेब मागायचा तर मीमांसेकडेच जावे लागते.

यजमान कोण, हे आता नीट ठरवू. देव हा यजमान नाही आणि देवाला या खोदकामाची गरजही नाही. उखीमठला त्याची पूजा हिवाळाभर अखंड चालते. जून २०१३ च्या महापुरात रामबाडा वाहून गेला, वाट नाहीशी झाली. तरी ११ सप्टेंबर २०१३ रोजी केदारनाथाच्या देवळात पूजा पुन्हा सुरू झाली, तेव्हा यात्रेची वाट खुली झालेली नव्हती. पूजेला मूठभर माणसे पुरतात. वाट लागते ती यात्रेला. २०२३ च्या हंगामात एकोणीस लाखांहून अधिक माणसे केदारनाथला गेली. बर्फ उपसला जातो तो त्यांच्यासाठी, त्यांच्या संकल्पासाठी, आणि फळही त्यांचेच. भीमाशंकर, त्र्यंबकेश्वर, घृष्णेश्वर करून केदारला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूचाही त्यात वाटा आहे. तेव्हा देणेही यात्रेकरूचेच.

हे देणे केवळ रोजंदारीचे नाही. २८ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे बद्रीनाथजवळ माणा गावालगत सीमा रस्ते संघटनेच्या कामावरच्या मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन कोसळले. कंटेनरमध्ये राहणारे ५४ जण त्यात सापडले, ४६ जणांना वाचवता आले, आठ जण गेले. तो रस्ता सीमेचा होता, यात्रेचा नव्हता, हा फरक मी विसरत नाही. पण उतार तेच आहेत, ऋतू तोच आहे आणि त्या उताराखाली झोपणारी माणसेही त्याच प्रकारची आहेत. ऋत्विजाच्या जेवणाची, राहण्याची, रक्षणाची काळजी यजमानाने घ्यावी ही अपेक्षा यज्ञातही होती. बर्फ उपसणाऱ्याचा तंबू स्खलनाच्या नाळेबाहेर असावा, उतार सैल होण्याच्या वेळी त्याला कामावर उभे करू नये, उंचीने तो आजारी पडला तर त्याला खाली आणण्याची सोय यात्रेकरूच्या सोयीइतकीच तत्पर असावी, हे सगळे परिक्रयाच्या आत येते. तिथी चुकू नये म्हणून त्याला धोक्यात पाठवले जात असेल तर तिथीने मागे सरावे असे मी म्हणेन. यज्ञातही अंग बिघडले तर प्रायश्चित्त आहे, माणूस गेला तर त्याला प्रायश्चित्त पुरत नाही.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप उलट्या दिशेने येतो. कपाट मिटल्यावर सहा महिने देवच तिथे पूजा करतात अशी श्रद्धा आहे. भैरवनाथ राखण करतो. तो काळ माणसाचा नाही. मग वेळेआधी फावडे घेऊन तिथे जाणे हेच उद्दामपणाचे नाही का? मला या आक्षेपात तथ्य दिसते, पण तो खोदण्याला लागू होत नाही, खोदण्याच्या मर्यादेला होतो. केदारची परंपरा हिवाळ्याशी झगडत नाही, ती देवाला घेऊन खाली येते. युरोपात ग्रेट सेंट बर्नार्डच्या खिंडीत, २,४६९ मीटरवर, अकराव्या शतकापासून ख्रिस्ती धर्मसेवकांनी उलटा मार्ग धरला. ते हिवाळाभर तिथेच राहिले, कारण त्या वाटेने माणसे हिवाळ्यातही जात आणि वाटेत अडकत. दोन्हीकडे निर्णय प्रामाणिक आहे आणि दोन्हीकडे तो कोणाच्या गरजेसाठी हे स्पष्ट आहे. केदारला हिवाळ्यात वाटसरू नसतो, म्हणून तिथे रिकामेपण सोडणे योग्य. २०१३ नंतर पुनर्बांधणीसाठी माणसे तिथे हिवाळ्यातही राहू लागली, ते संकटाचे कारण होते. पण बारा महिने यात्रा चालावी म्हणून बारा महिने बर्फ उपसत राहणे हे परंपरेच्या कोणत्याच हिशेबात बसत नाही. नित्यकर्मालाही काल नेमलेला असतो, काल ओलांडून केलेले कर्म अधिक पुण्याचे होत नाही.

यंत्रांचे आणि रोपवेचे काय? सोनप्रयाग ते केदारनाथ १२.९ किलोमीटरच्या रोपवेला केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये मंजुरी दिली. तो झाला तर वाटेवरचे उपसणे बऱ्याच यात्रेकरूंच्या दृष्टीने अनावश्यक होईल, आणि एवढे सगळे विवेचन कालबाह्य ठरेल असे कोणी म्हणेल. श्रम हलका करणाऱ्या यंत्राला माझा विरोध नाही. ज्या उतारावर माणूस दबून मरू शकतो तिथे यंत्र आधी जावे. पण तारेवरून येणाराही वरच्या स्थानकात उतरतो. देवळाचे अंगण, दुकानांची दारे, पाण्याची वाहिनी, दवाखाना, हे सगळे कोणीतरी उपसलेलेच असते. फरक इतकाच की खाली वाटेवर बर्फाच्या दोन भिंतींमधून चालताना यात्रेकरूला निदान कळते की ही वाट कोणीतरी काढली आहे. तारेवर ते कळणार नाही. देणे तेवढेच राहील आणि ते देणे आहे हे कळण्याची जागा जाईल, याची मला काळजी वाटते.

मजुरी तर सरकार देते, यात्रेकरूने आणखी काय करायचे, असा शेवटचा प्रश्न राहतो. यजमानाने मोबदला दुसऱ्याच्या हातून पोचवला तर चालते, पण तो पोचला की नाही हे पाहण्याचे काम त्याच्याकडून सुटत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात दक्षिणेविना केलेला यज्ञ तामस यज्ञांत मोजला आहे, आणि तिथे दक्षिणा कोणाच्या हातून द्यायची राहिली याची चौकशी नाही. बद्री-केदार मंदिर समिती १९३९ च्या कायद्याने अस्तित्वात आली, तिच्याकडे देणग्या जमा होतात, विधींचा क्रम तिच्या देखरेखीखाली पार पडतो. कपाट उघडण्याच्या दिवशी रावळ, पुजारी, हक्कदार तीर्थपुरोहित, डोली वाहणारे यांचा मान ठरलेला आहे. त्या क्रमात बर्फ उपसणाऱ्यांनाही ठरलेला मान असावा आणि समितीच्या हिशेबात त्यांच्यासाठी एक वेगळे खाते असावे, म्हणजे देणारा यात्रेकरू नेमके त्याच खात्यात देऊ शकेल. सोमयागात दक्षिणा माध्यंदिन सवनात, म्हणजे दुपारच्या सोमविधीत, वाटली जाते, याग पुरा होण्याच्या आधी. हंगाम संपल्यावर, किंवा कंत्राटदाराचे बिल सुटल्यावर, असा वायदा तिथे चालत नाही. केदारला डोली कपाट उघडण्याच्या आदल्या दिवशी वर पोचते. बर्फ उपसणाऱ्या प्रत्येकाचा पैसा त्या संध्याकाळपर्यंत त्याच्या हातात पडलेला असावा, आणि तो पडला आहे हे समितीने डोलीसमोर जाहीर करावे.